नव्वद दिवसांत पॅरिससुद्धा नाही?

काल दुपारी आई आणि अण्णांना म्युनिकच्या विमानतळावर सोडून आले. रात्री झोपण्यापूर्वी आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर एक छायाचित्र टाकले. ट्रामच्या थांब्यावरच्या बाकावर अण्णा बसले आहेत आणि त्यांना टेकून माझा पाच वर्षांचा मुलगा बसला आहे. सकाळी उठून पाहते तर खाली एका वडीलधाऱ्या नातलगांचा प्रश्न होता : ‘‘नव्वद दिवस होते, आणि पॅरिससुद्धा दाखवले नाहीस? निदान स्वित्झर्लंड तरी?’’ त्याखाली चौघांचे अंगठे. ज्यांनी हे लिहिले ते माझ्या मित्रयादीत आहेत आणि त्यांनी वाचावे म्हणूनच मी हे इथे लिहीत आहे.

आधी हे नव्वद दिवस म्हणजे काय ते सांगते. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि त्यात उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस असे दोन्ही मोजले जातात. त्यासाठी मी इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पगाराच्या पावत्या नेऊन त्यांचा खर्च मी करीन असे हमीपत्र केले, दोघांचा प्रत्येकी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढला आणि अण्णांनी बोटांचे ठसे देण्यासाठी कराडहून मुंबई गाठली. दोन वर्षांनी झालेल्या भेटीतला एकेक दिवस असा मोजून मिळालेला असताना त्यातले किती दिवस मी विमानतळांवर, हॉटेलांच्या खोल्यांत आणि तिकिटांच्या रांगांत घालवायला हवे होते, हे मला त्या चार अंगठ्यांकडून समजून घ्यायचे आहे.

आणि ‘दाखवणे’ मी केले नाही असेही नाही. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही नॉयश्वानस्टाइनचा किल्ला पाहायला गेलो. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत दोन तासांची रेल्वे, तिथून बस आणि मग अर्ध्या-पाऊण तासाची चढण. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ साली बांधायला घेतलेला आणि तो १८८६ साली गेला तेव्हाही अपुराच असलेला हा राजवाडा सुंदर आहे, यात वाद नाही. पण तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, ती चुकली की तिकीट वाया जाते, म्हणून मी त्या चढणीवर गुडघेदुखी असलेल्या माझ्या वडिलांना अक्षरशः पळवले. वर जाणाऱ्या घोडागाडीत बसायला ते तयार नव्हते. चढावर घोड्याला त्रास कशाला, असे त्यांचे म्हणणे. आतली फेरी जेमतेम अर्ध्या तासात संपली. परतीच्या रेल्वेत मी मोठ्या उत्साहाने ‘‘कसे वाटले?’’ असे विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, ‘‘चांगलं होतं. गाडी मात्र अगदी मिनिटाला सुटली.’’ मला त्या उत्तराचा राग आला होता, हे मी आज कबूल करते.

त्यानंतरच्या मंगळवारी मी कामावरून साडेसहाला घरी पोहोचले तेव्हा आजोबा आणि नातू दोघेही घरात नव्हते. आई म्हणाली, चारला बालवाडीतून आणले आणि तसेच कुठेतरी गेले. अण्णांचा फोन टेबलावरच होता. मी बागेत धावले, बेकरीत विचारले, दोन्ही थांबे पाहिले. नवरा सायकल घेऊन दुसऱ्या बाजूला गेला. पावणेआठला दोघे हातात हात घालून जिना चढून आले. आमच्या पासिंग स्थानकापासून १९ क्रमांकाची ट्राम सुटते, ती शहराच्या मधून, ऑपेराच्या इमारतीसमोरून, इझार नदी ओलांडून थेट पूर्वेकडे जाते. हे दोघे त्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले होते, परत आले होते आणि मुलाने हट्ट केला म्हणून पुन्हा निम्म्या वाटेपर्यंत जाऊन आले होते. अण्णांच्या खिशातल्या छोट्या वहीत सगळे थांबे क्रमाने देवनागरीत लिहिलेले होते आणि प्रत्येकापुढे वेळ होती.

मी त्या वेळी अण्णांना फार बोलले. परका देश आहे, भाषा येत नाही, फोन नाही, काही झाले असते तर, असे सगळे नातवासमोर बोलले. त्यांनी वही खिशात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘अगं, गाडी जिथून सुटते तिथेच परत येते. माणूस चुकेल कसा?’’

जे अण्णांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. माझे वडील एकतीस वर्षे एस.टी.त कंडक्टर होते, आगार कराड. कराड–चिपळूण ही त्यांची आवडती फेरी. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून खाली कोकण. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, हे आमच्या घरात वाढदिवसाच्या तारखेसारखे पाठ होते. मे महिन्याच्या सुट्टीत इतर मुले महाबळेश्वरला जात आणि मी अण्णांच्या गाडीत पुढच्या बाकावर खिडकीशी बसून चिपळूणला जाऊन त्याच गाडीने परत येत असे. चिपळूण स्थानकाच्या उपाहारगृहात एक वडा, अर्धा कप चहा, की झाली सहल. तिकिटांची पेटी मांडीवर धरायचा मान माझा असे आणि सगळे चढले की डबल बेल द्यायला अण्णा मला वर उचलून दोरी हातात देत. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्या सहलींत कोणी मला काहीही ‘दाखवले’ नव्हते. मला माझ्या वडिलांच्या शेजारी बसायला मिळाले होते आणि घाटात गाडी वळली की ते एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरत.

हे मला त्या मंगळवारी का आठवले नाही, याचा विचार मी काल विमानतळावरून परतताना करत होते. नातवाला त्यांनी तेच दिले होते जे मला दिले होते, आणि मी त्यांना ओरडत होते.

आता थोडे स्पष्ट लिहिते. आपल्यापैकी पुष्कळ जण आई-वडिलांना नेमके ऑगस्टमध्ये बोलावतात, कारण इथल्या बालवाड्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे बंद असतात आणि मुलांना सांभाळायला कोणी नसते. मीही अंशतः त्यासाठीच बोलावले होते. बोलावण्यात गैर काही नाही. आजी-आजोबांना नातवंडे हवीच असतात. पण पाच दिवस त्यांच्याकडून घर आणि मूल सांभाळून घ्यायचे आणि शनिवार-रविवारी त्याची भरपाई म्हणून त्यांना बसमध्ये कोंबून चार देश फिरवायचे, प्रत्येक पुतळ्यासमोर उभे करून छायाचित्रे काढायची आणि ती गटावर टाकायची, हा सगळा खटाटोप कोणासाठी चालतो? सत्तरीच्या माणसाला पहाटे पाचला उठवून, औषधाच्या गोळ्यांची वेळ चुकवून, स्वच्छतागृहासाठी नाणी शोधायला लावून आपण त्याला सुख दिले असे आपण मानतो. त्याला विचारत मात्र नाही. विचारले तर तो ‘चांगलं होतं’ एवढेच म्हणतो, कारण मुलांनी एवढा खर्च केला आहे.

ज्यांना स्वतःहून पॅरिस पाहायचे आहे त्यांनी जरूर पाहावे. माझ्या सासूबाईंनी आयफेल टॉवर पाहायचा म्हणून दहा वर्षे पैसे साठवले होते आणि तो पाहून त्यांचे डोळे भरून आले होते, हेही खरे आहे. पण ती इच्छा त्यांची होती.

अण्णांची इच्छा काय होती ते मला त्या मंगळवारनंतर कळले आणि उरलेले अडीच महिने मी त्यांच्या मध्ये आले नाही. एवढेच केले की त्यांना फोन गळ्यात अडकवायला लावला आणि यंत्रातून तिकीट घेऊन निळ्या खोक्यात स्वतः शिक्का कसा मारायचा ते शिकवले. गाडीत कंडक्टरच नाही, फाटक नाही, तरी लोक तिकीट काढतात, याचे त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिले. एकदा साध्या कपड्यांतल्या तपासनिसांनी डब्यातल्या एकाला विनातिकीट पकडले आणि साठ युरो दंड केला, त्या दिवशी त्यांनी जेवताना तो प्रसंग तीनदा सांगितला; शेवटी म्हणाले, ‘‘पोरगं बिचारं विद्यार्थी होतं.’’ थेरेझियनह्योए इथल्या डॉइचेस म्युझियमच्या वाहतूक विभागात जुन्या ट्राम आणि आगगाड्या आहेत, तिथे आजोबा-नातू चार वेळा गेले. चौथ्या वेळी मला बरोबर यायची परवानगी मिळाली.

आईचे वेगळेच. तिने आमच्या घरामागच्या वाळूच्या खेळबागेतला एक बाक धरला आणि तिथे रोज येणाऱ्या एका तुर्की आजींशी तिची मैत्री झाली. आईला तुर्की येत नाही, त्यांना मराठी येत नाही आणि जर्मन दोघींनाही जेमतेम ‘डांके’ म्हणजे ‘धन्यवाद’ म्हणण्यापुरते. त्या सूर्यफुलाच्या बिया आणत, आई शेंगदाण्याचे लाडू नेई. कोणाचे मूल घसरगुंडीवरून पडले की दोघी एकदम उठत. परवा निरोप घेताना त्या आजींनी आईला विणलेले लोकरीचे मोजे दिले आणि दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. या बाकाचे छायाचित्र मी गटावर टाकलेले नाही. टाकणारही नाही.

एवढे लिहून झाल्यावर राग बराच उतरला आहे. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी कदाचित आपुलकीनेच विचारला असेल आणि त्यांची स्वतःची मुले त्यांना दोन वर्षांत एकदाही बोलावू शकलेली नाहीत, हेही मला माहीत आहे. तरीही लिहिलेले खोडत नाही.

आज सकाळी मुलाला बालवाडीत सोडताना ट्रामचे दरवाजे बंद झाले आणि तो सवयीने मोठ्याने ‘‘टण टण’’ म्हणाला. समोरच्या बाईंनी वळून पाहिले. एरवी मी त्याला ‘हळू’ म्हणाले असते.

थोड्या वेळापूर्वी अण्णांचा फोन आला. मुंबईत उतरून दोघे कराडच्या गाडीत बसले होते. गुडघा ठीक आहे का, जेवलात का, असे मी विचारत होते, पण त्यांना नातवाशीच बोलायचे होते. हिवाळ्यात रुळांवर बर्फ पडला की पहाटेची पहिली ट्राम कशी काढतात, हे त्यांना जाण्यापूर्वी विचारायचे राहून गेले होते. मुलाने उद्या चालकाला विचारून सांगतो असे कबूल केले आहे आणि विसरू नये म्हणून अण्णांनी ठेवून दिलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर एक ट्राम आणि तिच्यावर खूप सारे पांढरे ठिपके काढून ठेवले आहेत.