'जो खेळू शकला नाही तो कोच होतो' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आठ-दहा दिवस झाले आपल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, विजापूर रोडच्या ग्रुपवर पण तोच, आणि काल तर माझ्या मेव्हण्याने पुण्याहून तो मलाच पाठवला. ज्यांनी वाचला नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. त्यात म्हटलंय की बास्केटबॉलचे बहुतेक कोच म्हणजे फसलेले खेळाडू, ज्याला स्वतःला जमलं नाही तो शिकवायला लागतो. जो दहा टीम फिरला तो कुणालाच नको होता म्हणून फिरला. बेंचवर बसून कुणी काही शिकत नसतं. त्यामुळे पोरांना शिकवायचं तर स्टार खेळाडूकडेच पाठवा, नाहीतर फी वाचवा. आणि शेवटी, उंचीच नसेल तर कोच तरी काय करणार. खाली आपल्याच लोकांचे अंगठे, आणि दोघा-तिघांनी आपल्या सरांचं, म्हणजे पोरांच्या बास्केटबॉल कोचचं, नाव न घेता 'आपल्याकडे पण तेच चाललंय' असं लिहिलंय. ते वाचून मला झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

पहिलं ते 'जमलं नाही' काय प्रकार आहे ते बघू. एनबीए म्हणजे अमेरिकेची सगळ्यात मोठी व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिथे टीम ३०, एका टीमचे नेहमीचे करार १५, म्हणजे अख्ख्या जगातून साडेचारशेच्या आसपास जागा. त्यातल्या शेवटच्या खुर्चीवर बसलेला माणूस पण या साडेचारशेतलाच असतो की, त्याला फसलेला म्हणायचं असेल तर मग आपल्या जिल्ह्यात आजवर कुणालाच काही जमलं नाही असं म्हणावं लागेल. स्टीव्ह कर घ्या. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात, पन्नासावा नंबर, पुढे १५ सिझन, सहा टीम, आणि सरासरी मॅचला सहा पॉइंट. कागदावर बघितलं तर कुणी पोस्टर लावणार नाही. पण थ्री पॉइंटरची, म्हणजे लांबून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटची, टक्केवारी ४५.४, एनबीएच्या इतिहासात पूर्ण करिअरची एवढी दुसऱ्या कुणाची नाही, आणि खेळाडू म्हणून पाच चॅम्पियनशिप. २०१४ ला गोल्डन स्टेट वॉरियर्स या टीमचा कोच झाला, पहिल्याच सिझनला २०१५ ची चॅम्पियनशिप, मग २०१७, २०१८, २०२२. रिक कार्लाइल ड्राफ्टमध्ये सत्तरावा, बोस्टन सेल्टिक्स टीमच्या बेंचवरच जास्त दिवस गेले, त्याने २०११ ला डॅलसला चॅम्पियन केलं. फिल जॅक्सन खेळाडू म्हणून सरासरी ६.७ पॉइंटचा, कोच म्हणून ११ चॅम्पियनशिप, सहा शिकागोला आणि पाच लॉस एंजेलिस लेकर्सला. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं जरी शोधलं असतं तरी तो पाठवला नसता असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, दहा टीम फिरला म्हणजे कुणालाच नको होता. माझे आजोबा इथल्या गिरणीत कित्येक वर्षं बदली होते. ज्यांच्या घरात गिरणी होती त्यांना बदली म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, कायम कामगार ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा. भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन थांबायचं, जॉबरने म्हणजे मुकादमाने हाक मारली तर आत, नाहीतर घरी. आज कांडी, उद्या सायझिंग, परवा माग. आजी सांगायची की कायमवाल्याला त्याचा माग सोडून दुसरं काही येत नसायचं, आणि ह्यांना सगळ्या खात्यांतलं कळायचं, म्हणून नवीन पोरगं आलं की जॉबर त्याला ह्यांच्याच हाताखाली द्यायचा. आता सांगा, माझे आजोबा नको असलेले कामगार होते का? रोज सकाळी कुणालातरी हवे होते म्हणूनच तर हाक यायची.

एनबीएत पण ही बदली आहे, तिला दहा दिवसांचा करार म्हणतात. कुणी जखमी झालं की दहा दिवसांसाठी बोलावतात, एका सिझनला एका टीमकडून असे दोनच करार, त्यानंतर सिझनभर ठेवा नाहीतर सोडा. केविन ऑली नावाचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा खेळाडू, याच रस्त्याने आला. १९९५ ला ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही, छोट्या लीगमध्ये खेळला, मग १३ सिझन आणि ११ फ्रँचायझी. ११ वेळा सामान बांधायचं, नवीन गावात घर शोधायचं, आणि नवीन कोचच्या सगळ्या खेळी आठ दिवसांत पाठ करायच्या, कारण चुकला की बाहेर, तुमच्या चुकीची वाट बघत दुसरा उभाच असतो. शेवटचा सिझन ओक्लाहोमा सिटीत, तेव्हा तिथे केविन ड्युरांट, वेस्टब्रुक, हार्डन असली वीस-एकवीसची पोरं होती, आणि पुढे ड्युरांटनेच सांगितलं की या माणसामुळे आमच्या टीमचं वळण बदललं. कनेक्टिकट हे त्याचं स्वतःचं कॉलेज, त्याचा कोच झाल्यावर दुसऱ्याच सिझनला म्हणजे २०१४ ला सातव्या मानांकनाची टीम घेऊन तो अमेरिकेची कॉलेज चॅम्पियनशिप जिंकला, फायनलला केंटकीला ६०-५४ ने हरवलं. पुढे २०१८ ला त्याच कॉलेजने त्याला काढलं हे पण खरंय, ते लपवून मला मुद्दा जिंकायचा नाहीये.

टायरन ल्यूचं पण तसंच. उंची सहा फूट, ११ सिझन, सात टीम. त्याचा जगभर फिरलेला फोटो कुठला, तर २००१ च्या फायनलला समोरच्या टीमचा स्टार अ‍ॅलन आयव्हर्सन शॉट मारून त्याच्यावरून पाय टाकून जातो तो. तेवढ्या एका फोटोवर त्याला ओळखणारे लोक होते. पण त्या वर्षी चॅम्पियन लेकर्स झाले आणि ल्यू लेकर्समध्ये होता. आणि २०१६ ला जानेवारीत, अर्ध्या सिझनला क्लीव्हलँडची टीम त्याच्या हातात आली, फायनलला ३-१ ने मागे, समोर सिझनला ७३ मॅच जिंकलेले वॉरियर्स, तिथून त्याने ती फायनल जिंकली. एनबीए फायनलमध्ये ३-१ वरून त्याआधी कुणीच परत आलं नव्हतं.

बेंचवर बसून कुणी शिकत नाही म्हणे. फिल जॅक्सनचं पाठीचं ऑपरेशन झालं आणि १९६९-७० चा पूर्ण सिझन तो न्यूयॉर्कसाठी एक मॅच खेळला नाही, टीम त्याच वर्षी चॅम्पियन झाली. तो वर्षभर कोचच्या जवळ राहून खेळ बघत होता आणि बाहेरून अख्खं कोर्ट कसं दिसतं ते तिथे कळलं असं तोच सांगतो. आत पळणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो, बाहेर बसलेल्याला दहाच्या दहा दिसतात, हे आपल्या गल्लीत कॅरम खेळताना पण कळतं की. पुन्हा स्टीव्ह करकडे येतो, तेव्हा तो शिकागोकडून खेळायचा. १९९७ ची फायनल, सहावी मॅच, युटाविरुद्ध ८६-८६, शेवटचे काही सेकंद. सगळ्यांना माहिती की बॉल मायकेल जॉर्डनकडे जाणार. टाइमआउटमध्ये कर जॉर्डनला म्हणाला, माझ्याकडे आला तर मी तयार आहे. दोघं जॉर्डनवर धावले, पास करकडे, शॉट आत. बेंचचा माणूस म्हणजे काय तर हा, पूर्ण मॅच गार बसायचं आणि हाक आली की पहिल्या सेकंदाला तयार.

याचा कोचिंगला काय उपयोग ते पण बघा. कर कोच झाला तेव्हा आंद्रे इग्वोडाला टीममध्ये होता, करिअरमध्ये खेळलेली प्रत्येक मॅच सुरुवातीच्या पाचात खेळलेला माणूस. करने त्याला बेंचवर बसवलं आणि तो बसला. ज्याने स्वतः तिथे बसून दिवस काढलेत त्याने सांगितलं तर ऐकायला होतं. मग २०१५ च्या फायनलला टीम २-१ ने मागे पडली आणि इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवा ही कल्पना स्टाफमधल्या निक उरेन या तरुण पोराने दिली, जो तिथे व्हिडिओ वगैरे बघायचा. करने ऐकलं, जिंकले, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला. खालच्या माणसाचं ऐकायची सवय कुठून येते? स्वतः खाली बसलेला असला की येते, एवढं मला कळतं.

आता स्टारकडेच पाठवा हा मुद्दा. मॅजिक जॉन्सन १९९४ ला लेकर्सचा कोच झाला, १६ मॅच, पाच जिंकल्या, ११ हरल्या, सोडून दिलं. विल्ट चेंबरलेन, एका मॅचला १०० पॉइंट मारणारा, १९७३-७४ ला सॅन डिएगोचा कोच होता, ३७ जिंकल्या ४७ हरल्या. म्हणून मी काय स्टार लोक कोच होऊ शकत नाहीत म्हणणार नाही, ते पण खोटं होईल. बिल रसेलने खेळत खेळत कोचिंग करून १९६८ आणि १९६९ जिंकलं, लेनी विल्कन्सने १९७९ ला सिएटलला चॅम्पियन केलं. लॅरी बर्ड पहिल्याच वर्षी कोच ऑफ द इयर झाला, पण त्याच्या आक्रमणाची आखणी कोण बघायचं? तोच बेंचवाला रिक कार्लाइल.

ग्रुपवर एकाने केनी नॅट या अमेरिकन कोचचं उदाहरण टाकलंय, की बघा भारताने पण २०११ ला हरलेला कोच आणला होता. ११ जिंकल्या ४७ हरल्या हा त्याचा सॅक्रामेंटोचा आकडा बरोबर आहे. पण त्याच सिझनला त्याच टीमसोबत आधीचा कोच ६-१८ करून गेला होता, आणि ती टीम नॅटला डिसेंबरात हंगामी म्हणून मिळाली. मोठा भाऊ कॅल्विन ऑल-स्टार, हा मोजक्या मॅच खेळलेला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं युटात तिथला मुख्य कोच जेरी स्लोनच्या हाताखाली सहायक. ही शिकलेली वर्षं मेसेजवाल्याला दिसत नाहीत, फक्त ११-४७ दिसतं.

आणि आता आपले सर. ते कधी या खात्याकडून कधी त्या कंपनीकडून खेळले, सगळं कॉन्ट्रॅक्टवर, कायम कुठेच झाले नाहीत, हे त्यांनी कधी लपवलं नाही. मग पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा कोर्स केला. माझी पोरगी अकरा वर्षांची, ले-अपला, म्हणजे पळत रिंगजवळ येऊन उडी मारून बॉल टाकतात त्याला, उजव्या हाताने जाताना उजव्याच पायावर उडायची, दोन महिने मी तिला ओरडत होतो, काही फरक नाही. सरांनी एका सकाळी तिच्या हातातला बॉल काढून घेतला, खिशातून खडू काढला, सिमेंटच्या कोर्टवर रिंगच्या उजव्या बाजूला दोन पावलं काढली, उजवं मोठं, डावं छोटं, आणि म्हणाले, 'बॉल विसर बाळा, आधी चालत ये.' चालत, मग भरभर, मग पळत, सव्वासहापासून सातपर्यंत फक्त तेवढंच, एप्रिलचं ऊन वर चढलेलं, घामाने खडूची पावलं पुसली की हे परत वाकून काढणार. नवव्या दिवशी तिने बॉल घेऊन डाव्या पायावर उडी मारली. मी विचारलं तर म्हणाले, मला पण तिसऱ्या टीममध्ये गेल्यावर एकाने असंच सुधारलं होतं, तोवर माझं पण चुकतच होतं. मागच्या उन्हाळ्यात शिबिराला एक खरंच मोठे खेळाडू एक दिवस आले होते, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण पोरांनी ले-अप कसा म्हणून विचारल्यावर ते दाखवून म्हणाले, असा, होऊन जातो तो. त्यांचा होत असेल. आपल्या पोरांचा होत नाही म्हणून तर सर लागतात.

राहिला उंचीचा मुद्दा. उंची कुणीच वाढवू शकत नाही, पण कुठल्या पायावर उडायचं ते शिकवता येतं, आणि आपल्या ३२ पोरांपैकी निम्म्यांचं तेच चुकतंय.

रविवारी मीटिंगला सर बदलायचा विषय ठेवलाय. माझा विरोध आहे, आत्ताच लिहून ठेवतो. ज्यांनी अंगठे दिलेत त्यांनी शनिवारी सहाला ग्राउंडवर या, खडूची पावलं अजून थोडी दिसतात.