लाल तेच गोड? डाळिंबाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

डाळिंब कसे निवडावे हे सांगणारा एक संदेश सध्या सोलापुरात घरोघरी फिरतो आहे. जितके लाल तितके गोड. फिकट फळ कच्चे असते, पण तांदळाच्या डब्यात ठेवले की पिकते. बागायतदार इथ्रेल हे रसायन मारून फळे पिकवतात. आणि तडकलेले फळ झाडावरच पूर्ण पिकलेले असते, म्हणून तेच घ्यावे, असा त्याचा मजकूर आहे. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्या शहराजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथेच हा मजकूर खातरजमा न करता पुढे पाठवला जातो, याचे वाईट वाटते.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या विधानाने होते, म्हणून त्याचा विचार सविस्तर करायला हवा. सालीचा रंग हा आधी वाणाचा गुण असतो. पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेल्या गणेश वाणाची साल पिवळसर असून तिच्यावर गुलाबी झाक असते, दाणेही फिकट गुलाबी असतात, तरी पक्व फळ गोड आणि मऊ बियांचे निघते. भगवा वाण बाजारात आला आणि गडद लाल हाच चांगल्या डाळिंबाचा निकष ठरून गेला. पण भगव्यातसुद्धा रंग आणि गोडी बरोबरीने वाढतातच असे नाही. रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो आणि दाणे भरताना उष्णता जास्त असेल तर ते कमी तयार होते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबे बहाराची (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) फळे सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागांत एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात वाढतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराची फळे मात्र डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत पक्व होतात. त्यामुळे एकाच बागेतल्या, एकाच वाणाच्या दोन बहारांच्या दाण्यांत रंगाचा फरक पडतो, आणि फिकट दाण्याचे फळ तेवढ्यावरून कच्चे ठरत नाही.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. भगव्याला फुलापासून पक्व होईपर्यंत सुमारे सहा महिने लागतात. साल त्याआधी लाल दिसू लागली आणि भाव चढा आहे म्हणून तोडणी झाली, तर आत साखर कमी आणि आम्ल जास्त असलेले फळ ग्राहकाच्या हाती पडते. उलट, आणखी रंग यावा म्हणून पक्व फळ झाडावरच राहू दिले, तर आतले दाणे तपकिरी पडण्याचा धोका वाढतो. असे फळ बाहेरून निर्दोष असते: साल तजेलदार, रंग भरलेला, वजनही ठीक. चिरल्यावर मात्र काही कप्प्यांतले दाणे मऊ, मळकट आणि उग्र वासाचे निघतात. केवळ रंगावर भाव ठरू लागला की बागायतदाराला या दोन्ही चुकांकडे ढकलले जाते, आणि असे संदेश त्या दबावात भरच घालतात.

तांदळाच्या डब्याचा उपाय आंब्याला लागू पडतो, डाळिंबाला नाही. आंबा किंवा केळे तोडल्यानंतरही पिकत राहते, कारण त्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होते. डाळिंबाच्या दाण्यांत असा साठाच नसतो, त्यामुळे द्राक्षासारखीच त्याची गोडी तोडणीच्या दिवशी असते तेवढीच राहते. उबदार, कोरड्या जागी ठेवल्याने सालीतले पाणी उडते, साल आकसून चिवट होते आणि वजन घटते, एवढेच.

इथ्रेलबद्दलचा आरोपही इथेच कोसळतो. इथ्रेलमधून इथिलीन हा आंबा-केळ्यासारखी फळे पिकवणारा वायू सुटतो, पण तोडलेले डाळिंब त्याने पिकत नाही. बागेत इथ्रेलची बाटली दिसते हे खरे, पण तिचा उपयोग बहार धरताना होतो. पाणी तोडून झाडांना ताण दिल्यावर पानगळ घडवण्यासाठी ही फवारणी करतात, मग छाटणी व खते होऊन पाणी सुरू केले की फुले येतात. म्हणजे फवारणी होते तेव्हा झाडावर त्या हंगामाचे फळच नसते. बाटली पाहून शेतकऱ्यावर विषप्रयोगाचा ठपका ठेवण्याआधी एवढी चौकशी करणे कोणालाही शक्य होते.

तडकलेल्या फळाविषयीच्या विधानात थोडे तथ्य आहे, कारण अतिपक्व फळ तडकते. परंतु कच्चे फळही तडकते, आणि त्याचे मुख्य कारण पाण्यातला चढउतार हे असते. हलक्या, मुरमाड जमिनीत फळ वाढत असताना ओल तुटली की साल कडक होते. त्यानंतर एकदम मोठा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिले की दाणे फुगतात आणि ताण न सोसून साल फाटते. बोरॉनची कमतरता असेल तर हे प्रमाण वाढते. म्हणूनच ठिबकने नियमित पाणी देण्यावर आणि आच्छादनाने ओल टिकवण्यावर जाणते बागायतदार भर देतात. फटीतून बुरशी आणि किडी आत शिरतात, त्यामुळे झाडावर तडकून राहिलेले फळ पक्वतेची खूण मानून विकत घेऊ नये. अखंड सालीचे, आकाराच्या मानाने जड आणि बाजूंनी किंचित चपटे, कोनदार झालेले फळ घ्यावे, कारण आत दाणे भरत जातात तसा त्याचा गोलपणा कमी होतो.