"बारूद कमी म्हणजे धोका कमी" हे कोणं सांगितलं भाऊ?

हप्त्याभरापासून एक व्हिडिओ, त्यात एक माणूस कमी बारुदीची हलकी गोळी मारून दाखवते, अन् त्याच्याखालचा मेसेज आमच्या भागात ज्याच्या त्याच्या मोबाईलात फिरून राहिला. मेसेज असा की रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची मागची नळकांडी) घरीच थोड्याशा बारुदीनं भरा, लिव्हरच्या रायफलीत (ट्रिगरजवळचा दांडा ओढला की पुढचं काडतूस आत जाते ती) टाका, आवाज कमी, झटका कमी, खर्च कमी, बारूद कमी म्हणून धोकापण कमी, लायसन्स असलं की कोणी विचारत नाही, अन् डुकरं पळवायला एक नंबर. माझ्या मामेभावानं पण टाकला, मामाजीकडे लायसन्सची बारा बोर आहे म्हणून त्याला जास्तच उत्साह. जागलीनं माणूस कावते हे मला कळते, रात्रभर टॉर्च मारायचा अन् सकाळी धुऱ्यावरून पाहतो तं अर्धा हरभरा उखडलेला. पण म्हणून काहीपण?

आधी खरं काय ते सांगतो. एकच काडतूस रिव्हॉल्व्हरला अन् रायफलीला चालते, ही अमेरिकेतली जुनी गोष्ट आहे, विंचेस्टर कंपनीची १८७३ ची लिव्हर रायफल पॉइंट ४४-४० काडतुसाची होती अन् पुढं कोल्ट कंपनीनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हरपण काढलं. पण ती रायफल त्या काडतुसासाठीच बनलेली असते ना. आपल्याकडे लिव्हर रायफल पाहिली कोणी? इथं बारा बोर, नाहीतर पॉइंट ३१५ ची बोल्टवाली, अन् एखाद्याकडे पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर. आकडे जवळचे दिसतात म्हणून एकानं मला खरंच विचारलं, ३२ ची गोळी ३१५ मधे चालन का? नाही ना बाप्पा! ३१५ ची पुंगळी ५० मिलिमीटर लांब, ३२ ची तिच्या अर्धीपण नाही.

आता बारुदीचं. सगळ्यात डेंजर गोष्ट हीच आहे. रिव्हॉल्व्हरची नळी चार इंच, रायफलीची वीस इंच, अन् आत आटे कोरलेले असतात, शिसं त्यात रगडत रगडत पुढं जाते, त्याला मागून गॅसचा रेटा लागतेच. कंपनीच्या काडतुसाला लांब नळीचा फायदा होते, कारण रिव्हॉल्व्हरमधे काडतुसं बसतात ती चक्री अन् नळीच्या फटीतून गॅस निसटते, रायफलीत ती फटच नाही. पण बारूद फारच कमी टाकली तं गॅस अर्ध्या रस्त्यात दमते अन् शिसं नळीतच अडकून बसते. बाहेर नुसता फुस्स आवाज, माणसाला वाटते वा, काय शांत गोळी! तो जोशात लिव्हर मारते, दुसरं काडतूस आत, ट्रिगर दाबला, अन् समोर रस्ता बंद. नळी फुगते नाहीतर फाटते, अन् तिथंच डावा हात धरलेला असते. फुस्स झालं की थांबायचं, रायफल खाली करायची, हे त्या मेसेजात एका ओळीत तरी आहे का?

उलटंपण होते. पॉइंट ३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस १८९८ चं, त्याचं पोट काळ्या बारुदीच्या हिशोबानं मोठं, अन् आताची बिनधुराची बारूद इतकीशी लागते की तळाला बसते. भरताना चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही, वरून पटकन लक्षातपण येत नाही. चमच्याच्या अंदाजानं भरणाऱ्याच्या तं नाहीच नाही.

मेसेजात टोकदार गोळी लावायचा सल्ला पण आहे. लिव्हर रायफलीत काडतुसं नळीखालच्या पाइपात एकामागं एक असतात, टोक पुढच्याच्या बुडाला, ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीला टेकते. पुढं काय होईल ते सांगायला पाहिजे का?

"लायसन्स आहे ना?" आहे, बंदूक अन् काडतूस जवळ ठेवायचं, कलम ३ चं. काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ चं वेगळं लायसन्स लागते, अन् सुटे भाग, बनवायची मशीनपण त्या कायद्यात काडतुसाच्याच व्याख्येत येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनापरवाना बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. एवढ्यात किती डुकरं पळतील?

अन् डुकराचं म्हणसान तं ते वन्यजीव कायद्यात आहे, पिकाचं नुकसान केलं तरी मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. त्यात मोठ्या नराच्या खांद्यावर जाड चामडीची ढालच असते, हलकं शिसं लागलं तं तो मरत नाही, जखमी होऊन तुरीत शिरते.

व्हिडिओतला तो माणूस हलकी गोळी वापरते हे खरं आहे, अमेरिकेत काउबॉय स्टाइलच्या नेमबाजीत वापरतातच, पण तिथं बारूद काट्यावर मोजून पुस्तकातल्या मापानं भरतात अन् समोर लोखंडाची ताटली असते. ताटली जखमी होत नाही, अन् सकाळी तिच्या आजूबाजूला शेंगा तोडायला बाया जात नाहीत.