बंबाचं पाणी आणि 'पोट भरलेले लोक': एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब,

कोल्हापुराहून कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर कसं जावं, या माझ्या लेखाखाली आपण परवा प्रतिक्रिया लिहिलीत. ती काढून टाका असं दोघातिघांनी मला सुचवलं. मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी सांगतो. आपलं म्हणणं असं: 'घरच्या बंबात पाणी तापवा, बादलीत मूठभर मीठ टाका, झाला तुमचा झरा. ही सगळी पोट भरलेल्या लोकांची खुळं आहेत.' त्यापुढे कुंडांवरची घाण, कपडे बदलायची गैरसोय, रिसॉर्टचे दर, रक्तदाब असलेल्यांना धोका, आणि जाता जाता मला 'कामधंदा बघा' हा सल्ला.

कपडे बदलण्याबद्दल आपण म्हणता ते खरं आहे. बायकांच्या बाजूला आडोसा असला तरी कोरडे कपडे ठेवायला धड खुंटी सापडत नाही. मान्य.

'पोट भरलेले लोक' मात्र मला मान्य नाही, आणि ज्या सुरात आपण ते लिहिलंत तो सूर तर अजिबात नाही. माझे वडील कोल्हापुरातल्या उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. आईनं लोकांची धुणीभांडी केली. थंड फरशीवर उकिडवं बसून बसून तिचे गुडघे गेले. आम्ही तिला राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या कुंडावर नेलं ते एसटीनं, अणुस्कुरा घाट उतरून, फडक्यात भाकरी आणि खर्डा बांधून. कुंडावर कुणी पैसे मागितले नाहीत. शेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या कोकणातल्या म्हाताऱ्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्या संध्याकाळी आई मांडी घालून जेवली. घरी ती पाटावर पाय लांब करून जेवायची. दुखणं गेलं नाही, काही दिवसांनी परत आलंच. पण ते चार घास तिनं सुखानं खाल्ले, आणि त्याला खूळ म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि बंब आमच्याही घरी होता, साहेब. तांब्याचा. त्याची राख मी काढलेली आहे, बंबाचं कौतुक मला शिकवू नका. बंबातलं पाणी बादलीत येतं आणि अंगावरून ओघळून मोरीत जातं. कुंडात माणूस गळ्यापर्यंत बुडतो. गळ्याइतक्या पाण्यात सांध्यांवर शरीराचा भार साधारण एक दशांश उरतो, कमरेइतक्या पाण्यात निम्मा. वर ऊब असते, आणि ती बसल्या जागी निवत नाही, कारण खालून पाणी येतच राहतं. सुजलेल्या गुडघ्याला हा फरक कळतो. तो आपल्याला कळला नाही, कारण आपण बादलीच्या पलीकडे विचारच केलेला नाही.

पाण्याचंही सांगतो. पालघर, ठाण्यापासून खाली राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात हे झरे एका रांगेत सापडतात: वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, तुरळ, आरवली, राजवाडी. ही उष्णता ज्वालामुखीची नव्हे. दख्खनचे लाव्हा थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत किलोमीटरभर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं वर येतं. उन्हवऱ्याचं पाणी उगमापाशी ७० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे ते किती खोल जाऊन आलं असेल याचा हिशेब आपणच करा. वाटेत खडकांतले क्षार त्यात उतरतात, आणि कुंडाजवळ जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. हे मूठभर मिठानं घरी होत नाही.

संधिवात 'बरा होतो' असं मी त्या लेखात कुठंही लिहिलेलं नाही. 'आराम पडतो' असं लिहिलंय, आणि त्या शब्दावर मी ठाम आहे.

हंगेरीतल्या बुडापेस्टचं सेचेन्यी हे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह १९१३ सालचं. तिथं गरम पाण्यात उभे राहून म्हातारी माणसं बुद्धिबळ खेळतात. जपाननं १९४८ साली अशा झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. उगमाशी पाणी निदान २५ अंश असेल किंवा ठरावीक द्रव्यं त्यात असतील तरच त्याला झऱ्याचा दर्जा मिळतो. पाण्यात काय आहे ते तिथं लिहून लावावं लागतं, वरून पाणी मिसळलंय का, तापवलंय का, हेही सांगावं लागतं. आपल्याकडं अशी पाटी प्रत्येक कुंडावर आणि प्रत्येक रिसॉर्टच्या दारात लागावी, म्हणून मी तो लेख लिहिला होता. आपण तो शेवटपर्यंत वाचलाय असं मला वाटत नाही.

घाणीबद्दल म्हणाल तर साबण, शाम्पूच्या पुड्या टाकणारी माणसं आपल्यातलीच, झऱ्याचा त्यात दोष नाही. रिसॉर्टचे दर ज्याला परवडत नाहीत त्यानं जाऊ नये, गावाची कुंडं आहेतच. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि फार वेळ बसू नका, हे लेखात ठळक अक्षरात आहे.

'कामधंदा बघा' या वाक्याला मी उत्तर देणार नाही. मुद्द्यावर परत लिहिलंत तर तेही इथं राहील. माझ्या आईवडिलांच्या पोटाबद्दल लिहिलंत तर राहणार नाही.