एका वांग्याला एक आगटी

हिवाळ्यात रावेर-यावलकडे शेतात भरीत पार्टी असली, की पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, एकच आगटी पेटते आणि तिच्यात दहा घरांची वांगी भाजून निघतात. समजा, येणारा प्रत्येक पाहुणा स्वतःचं एक वांगं, स्वतःच्या पऱ्हाट्या, स्वतःची काडेपेटी आणि वर एक आचारी घेऊन आला, तर? म्हणे, आमचं वांगं आमच्याच आगटीवर भाजतं. धुरानं डोळे जायचे, बांधावर पाय ठेवायला जागा उरायची नाही, आणि भरीत तेच! साइट उघडताच 'आमचं डेस्कटॉप ॲप घ्या' अशी पट्टी खालून वर आली, की मला हा धूर दिसायला लागतो.

त्या पट्टीवर बटणं दोनच. 'घेतो' आणि 'आत्ता नको'. 'कधीच नको' हे बटण कुणी बनवलेलंच नाही. लग्नाचा विषय काढणाऱ्या आत्याबाईंचं असंच असतं. त्यांना नकार ऐकूच येत नाही, पुढची तारीख तेवढी ऐकू येते.

बरं, घेतलं ॲप. आत काय असतं? गिटहबने २०१३ साली आपल्या ॲटम या कोड लिहायच्या एडिटरसाठी एक सांगाडा तयार केला. पुढे त्याचं नाव इलेक्ट्रॉन झालं. त्यात क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर चालतं तेच इंजिन, अख्खंच्या अख्खं भरलेलं असतं आणि जोडीला ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस. वर साइट ठेवायची, चिन्ह डकवायचं, झालं ॲप. स्लॅक, डिस्कॉर्ड, व्हीएस कोड या सगळ्यांच्या पोटात हेच. त्यामुळे काहीच काम न करणारं रिकामं ॲपसुद्धा डिस्कवर शंभर एमबीच्या पुढे जागा खातं. अशी पाच ॲपं घेतली, की घरात एक ब्राउझर असताना पाच ब्राउझर आणखी आले, आणि एकालाही दुसऱ्याचा पत्ता नाही.

खात्री करायची असेल तर ॲपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आय दाबा. काही ॲपांत लगेच डेव्हलपर टूल्स उघडतात आणि पडद्यामागचा ब्राउझर बनियनवर सापडतो. ते बंद करून ठेवलं असेल तर ॲपच्या फोल्डरात जा. तिथे 'क्रोम १०० परसेंट' नावाची एक फाइल बसलेली असते. तो आकडा खरं म्हणजे पडद्यावरच्या चित्रांच्या मापाचा आहे. पण कबुलीजबाब तो कबुलीजबाबच.

आता हे सगळं चार जीबी रॅमच्या यंत्रावर आणून बसवा. तालुक्याच्या सेवा केंद्रात अशी यंत्रं अजून इमाने-इतबारे राबतात. विंडोज स्वतःच दोनेक जीबी मांडीखाली घेऊन बसतं. उरलेल्या दोनात क्रोम, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, अँटीव्हायरस आणि ही मंडळी. रॅम संपली की विंडोज डिस्कवर सामान टाकायला लागतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर सातबाऱ्याचं पान अर्धं उघडून थांबतं. बाहेर मे महिन्याचे ४५ अंश, आत पंख्याची घरघर, आणि बाकावरून आवाज येतो, "आखो कितला टाइम लागी, भाऊ?"

बंद केलेलं ॲप बंद होत नाही, हा दुसरा छळ. फुली दाबली की ते घड्याळाशेजारच्या छोट्या बाणाखाली जाऊन लपतं. सकाळी यंत्र चालू केलं की सगळ्यांच्या आधी हजर. उपाय सोपा आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'स्टार्टअप'मध्ये जा, एकेकावर उजवी टिचकी मारून 'डिसेबल' करा. अँटीव्हायरसला तेवढा हात लावू नका. काही ॲपं नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा त्या यादीत शिरतात, म्हणून महिन्यातून एकदा ही झाडझूड करायची.

'ॲप जास्त सुरक्षित' हे पट्टीवरचं वाक्य तर मला सगळ्यात आवडतं. ब्राउझरमधली साइट कुंपणाच्या आत असते. तुम्ही फाइल निवडून दिल्याशिवाय तिला तुमच्या फोल्डरात बघता येत नाही. ॲपला बहुधा असं कुंपण नसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी जातीची चित्रं उघडणाऱ्या कोडमध्ये मोठं भगदाड सापडलं. क्रोमने ते काही दिवसांत बुजवलं. इलेक्ट्रॉनवाल्या ॲपांना मात्र ज्याने त्याने आपापली नवी आवृत्ती काढावी लागली, कारण तेच भगदाड प्रत्येकाच्या पोटातल्या वेगळ्या इंजिनात होतं. एक आगटी विझवणं सोपं असतं हो.

चिन्हाचीच हौस असेल तर तीही फुकटात भागते. क्रोममध्ये साइट उघडा, उजवीकडचे तीन ठिपके दाबा, 'कास्ट, सेव्ह अँड शेअर'मधलं 'इन्स्टॉल पेज ॲज ॲप' निवडा. एजमध्ये हेच काम 'ॲप्स'मध्ये होतं. मॅकवर सफारीत, २०२३ च्या सोनोमा या आवृत्तीपासून, 'फाइल'मध्ये 'ॲड टू डॉक' आहे. वेगळी खिडकी, टास्कबारवर चिन्ह, वर पत्त्याची पट्टी नाही, आणि इंजिन तेच जुनं. क्रोम-एजमध्ये एक लक्षात ठेवायचं. या खिडकीचं लॉगिन ब्राउझरच्याच कुकीजवर, म्हणजे साइटने ब्राउझरात ठेवलेल्या ओळखचिठ्ठ्यांवर, चालतं. कुणी उत्साही माणसाने 'यंत्र हळू चालतंय' म्हणून सगळ्या कुकीज पुसल्या, की ही खिडकीही पासवर्ड मागणार. नेट गेल्यावर ती चालेल की नाही, हे साइटवाल्याने तशी सोय केली आहे का यावर आहे. बहुतेकांनी केलेली नसते.

मग डेस्कटॉपवर काहीच घालू नये का? घालावं की. टॅली घालावं, व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर घालावं. आणि सेवा केंद्रात ज्याच्यावाचून शटर उघडण्यात अर्थ नाही, ते आधारसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्राचं 'आरडी सर्व्हिस' हे सॉफ्टवेअर घालावं. यूएसबीला लावलेल्या यंत्रातून साइट स्वतः अंगठा उचलत नाही. ती तुमच्याच संगणकातल्या १२७.०.०.१ या पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर एकेक दार वाजवत जाते, 'अंगठेवाले आहेत का घरात?' आरडी सर्व्हिस 'रेडी' म्हणतं, अंगठा घेतं, कुलूपबंद करून साइटच्या हाती देतं. हे खरं ॲप. त्याला खिडकी नाही, पट्टी नाही, मिरवणं नाही.

बिघडतं तेही ठरलेल्या जागी. जुन्या कंपनीचं अंगठ्याचं यंत्र कपाटात गेलं, पण त्याचं सर्व्हिस काढलं नाही, तर तेच पहिलं दार अडवून 'नॉट रेडी' म्हणत बसतं आणि काही साइट तिथूनच परत फिरतात. जुनं काढून टाका. तरी अडलं तर विंडोज-आर दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' लिहा आणि नव्याचं सर्व्हिस 'रीस्टार्ट' करा. मग केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावून बघा. सगळं ठीक असून आधारकडून नकार येत असेल तर आधी घड्याळ बघा. लाइट जाऊन आली आणि मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल मेलेला असला, की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. आणि इतक्या जुन्या वेळेचा अंगठा तिकडे कुणी घेत नाही. सेल पन्नासेक रुपयांच्या आत मिळतो.

घड्याळही बरोबर असलं, तर मग केळीच्या चिकाने काळा पडलेला, विळ्याने झिजलेला तो अंगठा उरतो. हात साबणाने धुवायला सांगा, कोरडा पुसा, यंत्राची काचही पुसा. नाहीच आला, तर तर्जनी लावा.