चालून काय होणार, असं विचारणाऱ्या सगळ्यांना

गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या आणि रिसर्चच्या मदतीसाठी दोन दिवसांत ६० किलोमीटर चालायचं मी ठरवलंय, पहिल्या दिवशी ३५ आणि दुसऱ्या दिवशी २५. त्यासाठी पैसे गोळा करतेय आणि ज्यांच्याकडे मागते त्यातले निम्मे तरी म्हणतात, अगं पैसे द्यायचेच तर सरळ देतो की, त्यासाठी तू कशाला पाय झिजवतेस.

प्रश्न चुकीचा नाहीये, मलाही आधी हेच वाटायचं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आंघोळ करताना गाठ लागली. त्यांनी सात महिने कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, मला नाही, स्वतःच्या मुलीलाही नाही. दुखत नव्हती म्हणून साधीच असेल असं धरून चालल्या. आणि नेमकं हेच माहीत नसतं लोकांना, की ब्रेस्ट कॅन्सरची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात, उलट बहुतेक नसतातच, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं असतं, आपण मनाशी ठरवायचं नसतं. नंतर मी त्यांना विचारलं की का नाही सांगितलंत, तर म्हणाल्या, "सांगायचं कसं गं? तो शब्द कसा काढायचा तोंडातून?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. कारण खरंच, आपण 'छातीत गाठ' म्हणतो, 'तिला तो आजार झालाय' म्हणतो, 'बायकांचं काहीतरी' म्हणतो, पण स्तन हा शब्द डॉक्टरसमोरसुद्धा निघत नाही. आणि चालायला लागल्यावर पैसे मागायचा मेसेज लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःला तो शब्द टाइप करावा लागला, तोही शाळेतल्या मित्रांना, नवऱ्याच्या बॉसला, सोसायटीतल्या काकांना. पहिला मेसेज लिहायला मला अर्धा तास लागला हो. चाळिसावा अर्ध्या मिनिटात गेला.

मग जे व्हायला लागलं त्याची मला कल्पनाच नव्हती. एका मैत्रिणीने पैसे पाठवले आणि खाली लिहिलं की माझी बायोप्सी झालीये मागच्या वर्षी, घरी माहीत नाही. ऑफिसमधल्या एका सरांनी रात्री अकरा वाजता फोन केला, बायकोच्या त्वचेला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडलेत, हे काही असू शकतं का? मी म्हटलं सर उद्याच दाखवा, एक दिवससुद्धा थांबू नका. एका काकांना तर पुरुषांनाही हा कॅन्सर होतो हेच ठाऊक नव्हतं (एकूण केसेसपैकी साधारण अर्धा ते एक टक्का पुरुषांच्या असतात). ऑनलाइन पैसे भरून मोकळी झाले असते तर यातलं एकही बोलणं झालं नसतं. कोणीतरी आपल्या ओळखीचं, आपल्यासारखंच साधं माणूस, यासाठी ६० किलोमीटर चालणार आहे म्हटल्यावर लोक थांबतात आणि बोलतात.

आणि ही काही नवी कल्पना नाही. १९९६ मध्ये नीना बरो नावाच्या ब्रिटिश बाईने तेरा जणींचा ग्रुप घेऊन न्यूयॉर्क मॅरेथॉन चालत पूर्ण केली, अंगात सजवलेल्या ब्रा घालून, ब्रेस्ट कॅन्सरसाठी पैसे जमवायला. आणि त्यानंतर थोड्याच काळात तिला कळलं की तिला स्वतःलाच ब्रेस्ट कॅन्सर आहे. त्यातूनच पुढे लंडनचा मूनवॉक उभा राहिला, जिथे हजारो लोक रात्रभर चालतात. अमेरिकेत तीन दिवसांत ६० मैल, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर चालायचे वॉक १९९८ पासून सुरू झाले. ते वाचल्यावर मला माझे ६० किलोमीटर फार वाटेनासे झाले.

आता चालण्याबद्दल, कारण बरेच जण विचारतात. रोज फिरायला जाणं वेगळं आणि हे वेगळं. एका दिवसात ३० किलोमीटर चालणं फार अवघड नाही, अवघड असतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच पायांवर परत उभं राहणं, म्हणून प्रॅक्टिसमध्ये शनिवार-रविवार दोन्ही दिवस लागोपाठ लांब चालावं लागतं. बूट अर्धा साइज मोठे घ्या कारण पाय सुजतात. सुती मोजे अजिबात नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. पायाला कुठे जळजळल्यासारखं झालं की त्याच मिनिटाला थांबून टेप लावायची, पुढच्या चौकात बघू म्हटलं की फोड आलाच. मी तसं म्हटलं होतं, अठरा किलोमीटरच्या वॉकला, आणि शेवटचे पाच किलोमीटर कसे काढले ते माझं मला माहीत. अंगठ्या घरी काढून ठेवा, बोटं सुजतात. आणि तासन्‌तास नुसतं पाणी पीत राहू नका, घामातून मीठ जातं, अंगातलं सोडियम खाली गेलं तर ते धोक्याचं असतं, त्यामुळे सोबत मीठ-साखरेचं पाणी किंवा इलेक्ट्रोलाइट ठेवायचंच.

पैशांबद्दल मात्र मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. वॉकसाठी नाव देण्याआधी मी संस्थेला विचारलं की जमलेल्या पैशातला किती भाग कार्यक्रमावर जातो, किती पेशंटपर्यंत पोचतो, किती रिसर्चला. एका संस्थेने तीन मेल करूनही उत्तर दिलं नाही, तिथे मी नाव दिलं नाही. नुसत्या गुलाबी (ब्रेस्ट कॅन्सरच्या जागृतीचा रंग) टोप्या वाटायला मी कोणाकडे पैसे मागणार नाही. जाऊबाईंचा कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह होता (त्यात कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रोटीन जास्त असतं), म्हणजे पूर्वी ज्याला फार वाईट प्रकार मानायचे तो. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं, त्याच्या मागे कितीतरी वर्षांचं संशोधन आहे, आणि तेच औषध जाऊबाईंना वर्षभर मिळालं. दान कशाला लागतं ते मी त्या वर्षात जवळून पाहिलंय. आणि ज्यांचा कॅन्सर हाडांत, फुप्फुसात पसरलाय, ज्यांना आयुष्यभर उपचार घेत राहायचंय, त्या बायका या सगळ्या गुलाबी फोटोंमध्ये कुठेच दिसत नाहीत याचा मला खूप त्रास होतो. २०२२ या एका वर्षात जगभरात जवळजवळ २३ लाख बायकांना ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं आणि ६ लाख ७० हजार जण त्याने गेले. जमलेल्या पैशात कॅन्सर पसरलेल्या बायकांचा वाटा असायलाच हवा.

जाऊबाई आता माझ्यासोबत चालतात. काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे त्यांचा डावा हात सुजतो, म्हणून त्यावर घट्ट स्लीव्ह घालतात. पहिले दोन किलोमीटर येतात, घरी जातात आणि मी परतत असले की शेवटच्या दोन किलोमीटरला पुन्हा येऊन उभ्या राहतात. मागच्या आठवड्यात वाटेत एका अनोळखी बाईंनी स्लीव्हकडे बघून हाताला काय झालं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत जाऊबाईच म्हणाल्या, "स्तनाचा कॅन्सर होता, ऑपरेशन झालंय." आणि मग दोघी दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला बोलत उभ्या होत्या.

येत्या रविवारी २४ किलोमीटर आहे, पहाटे पाचला निघणार. कोणाला थोडं अंतर जरी यायचं असेल तर मेसेज करा. बूट कुठलेही चालतील, फक्त कोरे नवे घालून येऊ नका.