‘महाग लायब्ररी घ्या, बटन दाबा’: फिरत असलेल्या एका संदेशाला उत्तर

दिवाळीपासून आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. माझ्याकडेच तो चार जणांकडून आला. थोडक्यात तो असा: कंप्युटरवरचं संगीत खोटं वाटतं, कारण तुमचे आवाज स्वस्त आहेत. महागडी लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) घ्या, सगळे सूर निवडून ‘ह्युमनाइझ’ दाबा, वरून भरपूर रिव्हर्ब द्या. खंजिरी, झांज, टाळ कंप्युटरवर होत नाहीत, तिथे तयार लूप (तोच तो परत वाजत राहणारा तुकडा) टाका. एवढं केलं की लोकांना फरक कळत नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. नाटकांना आणि भजन मंडळांना संगीत करून देतो. हा संदेश वाचून ओळखीच्या दोन पोरांनी उसने पैसे काढून लायब्ररी घेतली आणि त्यांचं गाणं होतं तसंच राहिलं. म्हणून हे लिहितो आहे.

आधी लायब्ररीचं. महाग लायब्ररीत जास्त काय असतं? एकच सूर हलका, मध्यम, जोरात असा वेगवेगळा वाजवून घेतलेला असतो, आणि प्रत्येकाच्या तीन-चार आवृत्त्या आळीपाळीने वाजतात. मिडीमध्ये, म्हणजे कंप्युटर ज्या भाषेत सूर लिहितो तिच्यात, ठोक्याचा जोर 1 ते 127 या आकड्यांत लिहिला जातो. माउसने सूर टाकत गेलात तर बहुतेक सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच आकडा देतं. म्हणजे लायब्ररीत जोराचे पाच थर असले तरी वाजतो एकच. त्या पोरांचं नेमकं हेच झालं होतं. मी त्यांची फाइल उघडली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सूर 100 वर.

व्हायोलिनसारख्या लांब सुरांना तर हा आकडाही पुरत नाही. तिथे सूर लागल्यानंतर त्याचं काय होतं हे सांगावं लागतं. कंट्रोलर 1 म्हणजे मॉड व्हील आणि कंट्रोलर 11 म्हणजे एक्स्प्रेशन. सूर वाजत असताना हे दोन हाताने वरखाली करा, सूर फुगतो, ओसरतो. बासरीला याखेरीज श्वास लागतो. श्वास न घेता अखंड चालणारी बासरी ऐकताना आपलाच जीव गुदमरतो. ओळ झाली की जागा सोडा. फुकटच्या आवाजांवरही हे सगळं जमतं. हे जमल्यावर कमी पडतंय असं वाटलं तर लायब्ररी जरूर घ्या, माझा तिला विरोध नाही.

आता ह्युमनाइझ. या संदेशातला मला सर्वांत जास्त खटकणारा भाग हाच. हे बटन प्रत्येक सुराची वेळ आणि जोर थोडा थोडा कसाही हलवतं. माणूस कसाही हलत नाही. जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी 2011 मध्ये माणसांच्या वाजवण्यातले हे काही मिलिसेकंदांचे फरक मोजले. एक ठोका पुढे गेला की त्याचा परिणाम पुढच्या कितीतरी ठोक्यांवर राहतो असं त्यांना दिसलं. नुसत्या अस्ताव्यस्त फरकांपेक्षा असे एकमेकांत गुंतलेले फरक ऐकणाऱ्यांनाही जास्त आवडले.

आपल्याला तर हे भजनातच रोज दिसतं. भजन ज्या लयीत सुरू होतं त्या लयीत संपत नाही, ते चढत जातं. टाळकरी, पेटीवाला, मृदंगवाला एकत्र चढतात. कंप्युटरवर हे करायचं तर टेम्पोच्या (लयीच्या) ट्रॅकवर मिनिटाला 84 ठोक्यांपासून 100 पर्यंत हळूहळू चढणारी रेघ काढा. त्या एका रेघेने जे होतं ते ह्युमनाइझ शंभर वेळा दाबून होत नाही.

आणि पेटी! पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही. आवाज मोठा-लहान होतो तो भात्याने, आणि भाता सगळ्या सुरांना एकच. ह्युमनाइझने पेटीच्या प्रत्येक सुराचा जोर वेगळा झाला की ती पेटी राहत नाही, पियानोवाल्याने पेटीचा आवाज लावल्यासारखं ऐकू येतं. पेटीला सगळ्या सुरांचा आकडा सारखाच ठेवा आणि कंट्रोलर 11 ने भाता मारा: दोन मात्रांत भरा, थोडा ओसरू द्या, परत भरा. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, तेव्हा सूर वरखाली सरकवणाऱ्या पिच बेंडला हातही लावू नका. बासरीला मात्र तोच पिच बेंड हवा. म्हणजे पेटीवर जे खोटं, ते बासरीवर खरं. सगळ्या वाद्यांना एकच औषध देणारं बटन कसं चालेल?

रिव्हर्बबद्दल थोडक्यात. रिव्हर्ब म्हणजे भिंतींवरून परत आलेला आवाज. आमची नाटकं आणि दंडार (इथलं लोकनाट्य) होतात धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत, उघड्यावर. तिथे आवाज परत पाठवायला भिंत कुठे आहे? दंडारीच्या गाण्यावर मोठ्या हॉलचा रिव्हर्ब टाकला की ते आपल्या गावचं वाटत नाही. देवळातल्या भजनाला छोट्या खोलीचा थोडा रिव्हर्ब शोभतो. गाणं कुठे उभं आहे ते आधी ठरवा, मग बटन फिरवा.

खंजिरी कंप्युटरवर होत नाही, हे वाचून मला वाईट वाटलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने हा अख्खा मुलूख जागा केला, आणि आज त्याच मुलखातली पोरं खंजिरीसाठी कुठलातरी परका लूप शोधतात. लूपमधली खंजिरी तुमच्या गायकाचं ऐकत नाही. तो सम गाठताना थांबला तरी ती चालूच.

मी स्वतः आधी खंजिरीचा एकच ठोका रेकॉर्ड करून तो सगळीकडे लावला होता. आमच्या मंडळातल्या खंजिरीवाल्या काकांना ऐकवला. ते म्हणाले, “बाबू, हे तं शिवणाची मशीन चालू हाये.” मग त्यांनाच बसवून नीट रेकॉर्डिंग केलं. खोली निवडली ती तणस (धानाचा पेंढा) भरून ठेवलेली, कारण तणस आवाज पिऊन घेतं. वेळ पहाटेची, फोन हातभर अंतरावर, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद. हलका, मध्यम आणि जोराचा ठोका प्रत्येकी सहा वेळा, आणि खंजिरीच्या नुसत्या झांजांचा हेलकावा सहा वेळा. एकूण 24 तुकडे. डिसेंट सँपलर हे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात ते आळीपाळीने वाजतील असे लावले. झांजांचा हेलकावा वेगळा घेणं फार महत्त्वाचं निघालं, कारण खंजिरी ठोक्यांच्या मधेही बोलते. हात उचलताना, खंजिरी मागे नेताना झांजा हलतात. लूप चिरून ठोके वेगळे केले तर आधी हाच आवाज मरतो.

टाळाचंही तसंच. उघडा टाळ आणि दाबलेला टाळ वेगवेगळे घ्या, आणि दाबलेला वाजला की उघड्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) तुटेल असं सँपलरमध्ये लावा. सहा टाळकरी हवे असतील तर एकच फाइल सहा ट्रॅकवर ठेवू नका. तसं केलं तर फक्त आवाज मोठा होतो, माणसं वाढत नाहीत. प्रत्येक टाळ वेगळा रेकॉर्ड करा.

राहिलं शेवटचं वाक्य, लोकांना फरक कळत नाही म्हणे. गेल्या मंडईत (दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेत) एका पथकाने लूपवर गाणं लावलं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया पहिल्या कडव्यापर्यंत टाळ्या देत होत्या, मग एकेक करून थांबल्या. मी एकीला विचारलं, “माय, टाळी कायले थांबवली?” ती म्हणाली, “तो थांबतच नाई ना बाबू, टाळी कुठं टाकू?”